माझं म्हणून दाखवलेलं अपेंडिक्स

"काढा ते खिशातून! अण्णा, तुम्हालाच सांगतेय! काढा म्हणजे काढा!"

त्या इमारतीत मी चौतीस वर्षं नोकरी केली, आणि ओरडण्यात तिथे माझा हात कोणी धरला नव्हता. त्या दिवशी मॅडमनी धरला. खिडकीच्या काचा थरथरल्या, पलीकडच्या शवागारातले दोघेतिघे उठून बसले असतील. मॅडम म्हणजे पॅथॉलॉजी विभागाच्या प्रमुख. निपाणीकडच्या, घरात मराठी, रागात कन्नड. कधीकाळी माझ्याकडेच स्लाइडा बघायला शिकलेल्या. दारात उभ्या होत्या, हातात किल्ल्यांचा जुडगा. आणि मी, चौसष्ट वर्षांचा निवृत्त तंत्रज्ञ, जुन्या कपाटापुढे उकिडवा बसलेलो, उजवा हात मनगटापर्यंत पँटच्या खिशात.

"एन माडाकत्तीरी?" मराठीतलं मला कळलं नसेल तर, म्हणून त्यांनी कन्नडमध्येही विचारून घेतलं.

काय करत होतो? चोरी करत होतो. खिशात काडेपेटीच्या निम्म्या आकाराचा मेणाचा एक ठोकळा होता. आम्ही त्याला ब्लॉक म्हणतो. त्या मेणाच्या पोटात चिंचोक्याएवढा करडा तुकडा, माणसाच्या अपेंडिक्सचा. दुसऱ्या दिवशी सकाळी तो पिवळ्या पिशवीतून जाळायला जाणार होता आणि मला तो घरी न्यायचा होता. गोष्ट एवढीच आहे. बाकी सगळं फुगवून सांगायची मला खोड आहे, ती तुम्ही आपली वजा करून घ्या.

माझं काम काय होतं ते आधी सांगतो. शस्त्रक्रियेत माणसाचा जो तुकडा कापून काढतात तो बरणीतून आमच्याकडे यायचा. मी त्यातलं पाणी स्पिरिटानं काढायचो, पाण्याच्या जागी वितळलेलं मेण भरायचो, मेण थिजलं की ब्लॉक तयार. मग तो मायक्रोटोम नावाच्या यंत्रावर चढवून त्याचे काप काढायचे. किती पातळ? माझे काप इतके पातळ, की गावाबाहेर तारिहाळच्या कारखान्यात कोणी शिंकलं तर हुबळीत माझा काप उडून जायचा. एकदा एक काप वर्तमानपत्रावर पडला आणि त्यातून मागच्या पानावरची बातमी वाचता आली. कोमट पाण्यावर तो तरंगवायचा, काचेवर अलगद उचलायचा, गुलाबी-जांभळ्या रंगात बुडवायचा. काचेवर नंबर पेन्सिलीनंच लिहायचा, कारण शाई त्या द्रावणांत धुऊन जाते. मग डॉक्टर भिंगाखाली बघून सांगायचे, हा माणूस वाचणार की नाही. कापणारा मी, सांगणारे ते.

धारवाडच्या मराठी शाळेत आमच्या मास्तरांनी शिकवलं होतं की एकसारख्या पेशी एकत्र येऊन एक काम करतात, त्या समूहाला ऊती म्हणायचं. माणूस केवढाही मोठा असो, आमदार असो की हमाल, ऊती चारच. अभिस्तर, म्हणजे आतून-बाहेरून झाकणारी. संयोजी, म्हणजे बांधून धरणारी. हाड, चरबी, रक्तसुद्धा तिच्याच कुळातलं. स्नायू, हलवणारी. चेता, निरोप नेणारी. कुठल्याही अवयवात चारही असतात, पण एका छोट्या गोल कापात चारही एकदम आणि स्वच्छ दिसायला अपेंडिक्ससारखी दुसरी चीज नाही. मध्ये पोकळी, तिला अभिस्तराचं अस्तर, भोवती संयोजी, त्याबाहेर स्नायूंचे दोन थर, आणि त्या दोन थरांच्या सांध्यात, नीट शोधलं तर, चेतापेशींचं छोटंसं टोळकं.

आमच्या विभागात असं एक अपेंडिक्स होतं. जगात तसं दुसरं नसेल. दर वर्षी नव्या पोरांची तुकडी आली की मी ती स्लाइड लावायचो आणि छाती ठोकून सांगायचो, "बघा रे, नीट बघा. हा मी आहे. हे माझ्या पोटातलं आहे. माझ्या पोटातून आजवर निम्मा उत्तर कर्नाटक पास झालाय!"

पोरं हसायची. एखादं आगाऊ पोर म्हणायचं, "अण्णा, टाक्यांचा व्रण दाखवा की."

"व्रण?" मी म्हणायचो. "सर्जन एवढा हुशार होता, की व्रणालाच लाज वाटली आणि तो निघून गेला."

परीक्षेत भिंगांची रांग लागायची. प्रत्येकाखाली एक स्लाइड, घंटा वाजली की पुढच्या भिंगाकडे सरकायचं, दिसलं ते ओळखून लिहायचं. पोरं घामाघूम होऊन माझ्याकडे बघायची. मी काही बोलायचो नाही, नियम म्हणजे नियम. पण बाही सारखी केली की अभिस्तर, बोटांत बोटं अडकवली की संयोजी, कोपर वाकवलं की स्नायू, डोकं खाजवलं की चेता. अपेंडिक्सची स्लाइड आली की मला चारही एकापाठोपाठ करावं लागे. एका वर्षी बाहेरगावचे परीक्षक घाबरले. आमच्या सरांना बाजूला घेऊन म्हणाले, "तुमच्या त्या माणसाला फिट येतेय का?"

आता खरं सांगतो. ते अपेंडिक्स माझं नव्हतं. माझं अजून माझ्या पोटात आहे आणि मजेत आहे.

ते माझ्या बायकोचं होतं.

लग्नाला वर्षही झालं नव्हतं. ती दुर्गदबैल बाजारातल्या कापडदुकानदाराची मुलगी. तिचे पूर्वज मिरजेकडून गाठोडी घेऊन आले आणि हुबळीतच राहिले. एका संध्याकाळी पोट धरून बसली ती उठेचना. रात्रीतच आमच्या दवाखान्यात शस्त्रक्रिया झाली, आणि दोन दिवसांनी बरणी माझ्याच टेबलावर आली. चिठ्ठीवर तिचं नाव, वय तेवीस. मी नोकरीत नवा. तरी तो काप माझ्या आयुष्यातला सगळ्यात देखणा काप निघाला. आमचे मोठे सर भिंगातून वर बघायला तयार होईनात. म्हणाले, "हा ब्लॉक फेकायचा नाही. पोरांना शिकवायला ठेवायचा." चांगला तुकडा मिळाला की शिकवण्यासाठी राखून ठेवायचा, अशी तेव्हा रीत होती, नंबर राहायचा, नाव कोणी विचारत नसे.

मी पदक मिळाल्यासारखा घरी गेलो. ती उशीला टेकून पेज पीत होती. ऐकलं आणि वाटी खाली ठेवली.

"म्हणजे गावातली सगळी पोरं माझ्या पोटात डोकावणार?"

"तुझं नाव नाही त्यावर. नंबर आहे."

"तुम्हाला माहीत आहे ना? मग झालं तर. तुमच्या तोंडात तीळ तरी भिजतो का? उद्या बाजारभर सांगत सुटाल, माझ्या बायकोची आतडी अशी नि तशी."

हे तिनं अगदी बरोबर ओळखलं होतं. मी गयावया केली. तीन दिवस तिनं अबोला धरला. चौथ्या दिवशी तोडगाही तिनंच काढला. "सांगितल्याशिवाय तुम्हाला राहवणार नाहीच. तर मग तुमचं म्हणून सांगा. माझी शपथ घ्या."

घेतली. माझ्या आयुष्यातली ही एकच थाप, जी मी कोणाच्या तरी सांगण्यावरून मारली. म्हणून ती सगळ्यात जास्त टिकली.

पुढे एका रविवारी, विभागात कोणी नसताना, मी तिला भिंगापाशी नेलं. आधी तोंडाला पदर लावून उभी राहिली. फॉर्मालिनचा वास. मग एक डोळा मिटून बघायला लागली. मग दुकानात गठ्ठा उलगडून गिऱ्हाइकाला दाखवावा तसं बोलायला लागली.

"हे आतलं अस्तर. साटिन आहे की हो, झुळझुळीत. मधेमधे हे थेंब कसले?"

"शेंबूड. अस्तर ओलं ठेवायला."

"छी. आणि ही मग भर घातलेली. गोधडीसारखी. हे जांभळे गोळे?"

"ती पहारेकरी मंडळी. रोगाशी भांडणारी."

"आणि हे दोन थर... एक आडवा, एक उभा. ताणा-बाणा." डोकं वर करून म्हणाली, "विणकर चांगला होता हो. पण मग हे फाटलं कसं?"

मी तिला त्या दोन थरांमधल्या चेतापेशी दाखवल्या. फिकट, मोठ्या डोळ्यांच्या, चार-पाचच. स्नायूला हल म्हणून सांगणाऱ्या. ती म्हणाली, "म्हणजे बोलणारी माणसं इथे एवढीच?"

"एवढीच."

"आमच्या घरी उलटं," ती म्हणाली.

दर वर्षी परीक्षेच्या दिवसात मी घरी आलो की ती विचारायची, "काय, या वर्षी मी किती पोरं पास केली?" मी सांगायचो, सगळी. ती म्हणायची, "मग मला पगार नको का?" आणि आम्ही दोघं चहा घ्यायचो. मूलबाळ झालं नाही. त्याबद्दल सांगण्यासारखं काही नाही. एकदा एका लग्नात, आमच्याकडे शिकून गेलेला एक डॉक्टर तिला म्हणाला, "अक्का, तुमच्या मालकांच्या पोटात काय आहे ते आम्हाला सगळं माहीत आहे." ती गंभीर चेहऱ्यानं म्हणाली, "मग मलाही सांगा. इतकी वर्षं संसार केला, मला काही कळलं नाही."

मी पोरांना सांगायचो की हातापायाचे स्नायू सांगाल तसे वागतात, आतड्याचे विचारत नाहीत, आणि काळजाचा स्नायू असा, की तो थकत नाही. थकत नाही, हे मी दर वर्षी सांगत होतो. सात वर्षांपूर्वी एका दुपारी ती मेथी निवडत बसली होती. मी समोर बसून कुठलीशी थाप सांगत होतो. थाप संपली तरी ती हसली नाही, म्हणून मी वर बघितलं. ताटात निम्मी मेथी निवडलेली होती.

ब्लॉकचं एक असतं. काप काढाल तसा आतला तुकडा झिजतो. स्लाइडा फुटतात, रंग उडतात, की दर वर्षी नवे काप. ती होती तोवर मी उधळ्यासारखे कापले, वाटले, बेळगावच्या लोकांनी मागितले तर तिकडेही पाठवले. ती गेली त्या वर्षी ब्लॉक यंत्रावर चढवला, हँडलला हात घातला आणि उतरवून ठेवला. तेव्हाच्या प्रमुख सरांना म्हटलं, "ब्लॉक संपत आलाय." पुढची तीन वर्षं मी जुन्याच स्लाइडा पुसून पुसून वापरल्या. नवा काप काढला नाही.

निवृत्तीच्या वेळी मागून घ्यायला हवा होता. मला तेही सुचलं होतं. पण हार घातला, पेढे वाटले, कोणी तरी म्हणालं, "अण्णा, एकदा अपेंडिक्सची गोष्ट होऊ द्या." मी उभा राहिलो आणि सांगितली, कधी नव्हे एवढी रंगवून सांगितली. माणसं डोळे पुसेपर्यंत हसली. त्यानंतर कुठल्या तोंडानं म्हणणार, की ते माझं नाही? आणि मनात हेही होतं, की तिथे असू दे. तिथे दर वर्षी पोरांची झुंबड असते, डोकावतात, बोलतात. माझ्या घरी नेऊन ठेवलं तर तिच्याकडे बघायला कोण आहे?

माझ्या घरी म्हणजे धारवाडला सप्तापुरात दोन खोल्या, माडीवर. खाली विद्यापीठाची पोरं भाड्यानं राहतात, दर जूनमध्ये बदलतात. मी जिन्यात त्यांना गाठून गोष्टी सांगतो. ती मान हलवतात. कानात काहीतरी घातलेलं असतं. दूधवाल्याला अर्ध्या लिटरवरून पाव लिटरवर आणलं, तेव्हा त्यानं नुसतं वहीत खोडून लिहिलं. मी कुकरशी बोलतो. कुकर निदान शिट्टी तरी देतो. एका जागी एकसारख्या पुष्कळ पेशी असाव्या लागतात, तेव्हा ऊती म्हणायचं. एकच असली तर तिला पेशीच म्हणायचं. मास्तरांनी यापुढे काही सांगितलं नव्हतं.

आणि असल्या एका सकाळी विभागातल्या जुन्या शिपायाचा फोन आला. "अण्णा, तुमचं पोट उद्या जाळायलेत की हो!" हसत होता बिचारा. आता पोरं पडद्यावरच सगळं बघतात, भिंगांवर आच्छादनं पडलीत. जुनी कपाटं रिकामी करायची, ब्लॉक सगळे पिवळ्या पिशवीत. मी भात तसाच टाकला, हुबळी-धारवाडची चिगरी बस पकडली आणि हुबळी येईपर्यंत उभाच राहिलो. जागा होती, पण बसवेना. तिची राख आम्ही नदीत सोडली होती, रीतीप्रमाणे सगळी. साड्या तिच्या भाच्यांनी नेल्या. तिचं म्हणून जे काही जगात उरलं होतं ते त्या कपाटात, वरून तिसऱ्या खणात, मागे. आणि ते तेवीस वर्षांचं होतं. आतड्याचं अस्तर चार-पाच दिवसांत झडून नवं येतं, हे मीच शिकवायचो. ती माझ्याबरोबर जगली तेवढ्यात तिचं अस्तर किती वेळा बदललं असेल. मेणातलं मात्र तेच, लग्नाच्या पहिल्या वर्षातलं.

तर मी काढला तो खिशातून. मॅडमच्या तळहातावर ठेवला.

मॅडमनी उजेडात धरला, नंबर वाचला आणि त्यांचा आवाज उतरला. "हे तर तुमचंच अपेंडिक्स, अण्णा! मग चोरून कशाला नेताय? मागायचं की."

"मागितलं असतं तर दिलं असतं?"

"खिशातून नाही. अर्ज असतो त्याला. रुग्णाला किंवा जवळच्या नातेवाइकाला देता येतं." त्यांनी टेबलाच्या खणातून कागद काढला, मला खुर्ची दिली, शिपायाला चहा सांगितला. आता त्या हसत होत्या. "या स्लाइडवर मी पास झालेय. तुम्ही डोकं खाजवलं नसतं तर चेतापेशी मला आजही दिसल्या नसत्या."

अर्जात नंबर होता, अवयव होता, आणि एक रकाना होता, रुग्णाशी नातं. मी पेन उचललं आणि लिहिलं, स्वतः. एवढ्या वर्षांची सवय. शिवाय शपथ होती. आणि सुटका किती सोपी होती! पाच मिनिटांत ती माझ्या खिशात, आणि परतीची बस.

मॅडमनी सही करायला पेन उघडलं. मग म्हणाल्या, "एक मिनिट हं, रजिस्टरला टिपून घेते." जुनी रजिस्टरं कपाटाच्या डोक्यावरच होती, जळायच्या रांगेत नव्हती. त्यांनी स्वतः स्टुलावर चढून एक काढलं, धूळ झटकली, पानं उलटली. बोट एका ओळीवर थांबलं. ते अक्षर माझंच होतं, तेव्हाचं, वळणदार.

"अण्णा, इथे 'स्त्री, वय तेवीस' लिहिलंय."

मी म्हणू शकलो असतो की कारकुनाची चूक. कारकून मीच होतो, तरी म्हणू शकलो असतो. मी यापेक्षा अवघड जागेतून बाहेर पडलेला माणूस आहे. तोंड उघडलंसुद्धा. पण त्यातून जे बाहेर आलं ते सरळ होतं. तिचं पोट दुखलं ती संध्याकाळ, बरणी, पेज, शपथ, रविवार, साटिन, मेथी. काही फुगवलं नाही. फुगवायला सुचलंच नाही. फार थोडक्यात संपलं. मला वाटलं होतं, चौतीस वर्षांची थाप मोडायला निदान चौतीस मिनिटं लागतील. चहा आला होता, त्यावर साय धरली होती.

"दुसरं काही नाही हो माझ्याकडे तिचं," मी म्हणालो. "एवढंच आहे."

मॅडमनी ब्लॉक कोटाच्या कडेनं पुसला आणि रजिस्टरच्या पानावर, त्या ओळीवरच ठेवला. पेनाचं टोपण लावलं. अर्ज माझ्याकडे परत सरकवला.

"'स्वतः' खोडा, 'पती' लिहा," त्या म्हणाल्या. "आणि मृत्यूचा दाखला जोडा. झेरॉक्स चालेल."